जुना पट, नवा पट

मुंबई-नाशिक महामार्गावरचे मानकोली हे आता गावापेक्षा गोदामांचा पत्ता म्हणून अधिक ओळखले जाते. जेथे भाताची खाचरे होती तेथे पत्र्याच्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या, आणि मुंबईकरांनी मागवलेल्या कितीतरी वस्तू प्रथम भिवंडीच्या ह्या पट्ट्यात उतरून मग घरोघर जाऊ लागल्या. औषधे, कपडे, भांडी यांच्या जोडीला त्यांत खेळांचे पटही असतात. ह्या पटांच्या खोक्यांवर हल्ली एक शब्द वारंवार छापलेला दिसतो : 'क्लासिक'. पुठ्ठा कालच कारखान्यातून बाहेर पडलेला, आणि त्यावर ग्वाही मात्र जुनेपणाची! विकणाऱ्याला ग्राहकाच्या मनातले काहीतरी नेमके ठाऊक असले पाहिजे. ते काय आहे, आणि ते मनात बाळगणे कितपत योग्य आहे, ह्या प्रश्नाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीवर नीतीची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. तसे वाटणाऱ्यांनी संत थॉमस अक्वायनसकडे पाहावे. आपल्या 'सुम्मा' ग्रंथात त्याने खेळाच्या सद्गुणावर स्वतंत्र विवेचन केले आहे, आणि तेथे प्रेषित योहानाविषयीची एक जुनी आख्यायिका दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असता काही लोकांनी पाहिले व त्यांना ते रुचले नाही. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा पुन्हा सोडावयास सांगितले, आणि हे तू अखंड करू शकशील काय, असे विचारले. तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, हे मग योहानाला फारसे समजावून सांगावे लागले नाही. सारांश, खेळ ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असे ख्रिस्तसभेच्या एका थोर तत्त्वज्ञाने सातशे वर्षांपूर्वीच ठरवून ठेवले आहे.

जुन्या आवृत्तीसाठी झुरण्याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडचे नव्हे, अमेरिकेतले आहे. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ मुंबई-पुण्यातील तरुण मंडळी आता खेळतात. परंतु पुष्कळ वाचकांना तो अपरिचित असेल, म्हणून दोन शब्द सांगतो. त्यात पट असलाच पाहिजे असे नाही. चार-सहा जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. तुम्ही एका गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून पाण्याचा आवाज येतो आहे, काय कराल, असे सूत्रधार विचारतो, आणि खेळणाऱ्यांनी बोलून उत्तर द्यावयाचे असते. शंका आली की फासा टाकायचा. तो कधी सहा बाजूंचा, तर कधी वीस बाजूंचाही असतो. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन ह्या दोघांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या लहान गावातून प्रसिद्ध झाला. पहिल्या एक हजार प्रतींची खोकी हातांनी जुळवली होती. त्याच्या कल्पनासृष्टीत जे. आर. आर. टोल्किन ह्या कॅथलिक साहित्यिकाच्या कथांचा मोठा वाटा होता. इतका, की हक्कधारकांनी आक्षेप घेतल्यावर 'हॉबिट' हा शब्द पुढच्या छपाईतून गाळावा लागला.

पुढे ह्या खेळाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेल्या. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस एक, १९८९ मध्ये दुसरी, २००० मध्ये तिसरी, २००८ मध्ये चौथी, २०१४ मध्ये पाचवी; आणि तिचीही सुधारलेली पुस्तके २०२४ मध्ये आली. गंमत अशी, की प्रत्येक आवृत्तीबरोबर मागच्या आवृत्तीचे शोक करणारे जन्मास आले. चौथी आली तेव्हा तिसरीच्या चाहत्यांना इतका विषाद वाटला की एका निराळ्या कंपनीने २००९ साली तिसरीच्याच नियमांवर 'पाथफाइंडर' नावाचा खेळ काढला आणि तो जोरात चालला. ज्या तिसऱ्या आवृत्तीला आठ वर्षांपूर्वी नवी म्हणून नाके मुरडली गेली होती, ती आता जुनी व म्हणून आदरणीय झाली. त्याहून मागे जाणारेही होते. २००६ पासून काही भक्तांनी आरंभीच्या आवृत्तीचे नियम नव्या शब्दांत लिहून प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि अखेर २०१२ साली खेळाचे हक्क असलेल्या कंपनीनेच ती जुनी पुस्तके पुन्हा छापली.

ही मंडळी नेमके कशासाठी झुरत होती? त्यांचे म्हणणे ऐकले तर दोन गोष्टी पुढे येतात.

पहिली, कठोरता. जुन्या खेळात नवखा जादूगार एकाच घावात मरू शकत असे. मेला तर मेला. कोऱ्या कागदावर नवे पात्र लिहावयाचे. नव्या आवृत्तीत मरणे कठीण झाले आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जुन्या पुस्तकांत कित्येक प्रसंगांसाठी नियमच नव्हता. खोलीत चोरकप्पा आहे का, हे पाहावयाचे असेल तर भिंत ठोकतो, गालिचा उचलतो, काठीने फरशी चाचपतो, असे खेळणाऱ्याने सांगावे, आणि सूत्रधाराने आपल्या समजुतीप्रमाणे निवाडा द्यावा. पुढच्या आवृत्त्यांत 'शोधण्याचे कौशल्य' असा आकडा आला. फासा टाका, बेरीज करा, मिळाला तर मिळाला. वाद मिटले, पण त्यासरशी भिंत ठोकण्याची मौजही गेली, असे जुन्यांचे गाऱ्हाणे आहे.

हे गाऱ्हाणे पोरकट नाही. कायदा सर्वांसाठी सरसकट केलेला असतो, म्हणून एखाद्या विशिष्ट प्रसंगी तो अपुरा पडतो आणि तेथे माणसाच्या विवेकाने त्याची दुरुस्ती करावी लागते, हे ॲरिस्टॉटलने सांगितले. थॉमस अक्वायनसने ह्या विवेकाला सद्गुणांत स्थान दिले. अक्षर आणि आत्मा यांतला भेद संत पौलाने दाखविला तो आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. जेथे प्रत्येक गोष्टीला नियम असतो तेथे विवेक वापरण्याची सवय मोडते. घरातल्या कॅरमच्या खेळात आजोबा जेव्हा धाकट्या नातवाची सोंगटी थोडी पुढे सरकवून देतात, तेव्हा ते नियम मोडत नसतात. तो खेळ कोणासाठी मांडला आहे, हे ते विसरलेले नसतात, एवढेच.

तथापि ह्याची दुसरी बाजू आहे, आणि स्मरणात रमणाऱ्यांना ती दिसत नाही. विवेक हा विवेकी माणसाच्या हाती असला तरच उपयोगाचा. सूत्रधार आपल्या मित्रांना झुकते माप देणारा असेल, नवख्याची टर उडवणारा असेल, तर त्या नवख्याला आधार कोणाचा? छापील नियमाचाच. दुबळ्याच्या दृष्टीने लिखित नियम ही संरक्षक भिंत असते. शिवाय जुन्या पुस्तकांत जे नियम होते ते सगळेच आदर्श होते असेही नाही. १९७८ सालच्या पुस्तकात स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुष-पात्राच्या मर्यादेहून कमी ठेवलेली होती. जेथे माणूस अग्नी ओकणाऱ्या सर्पाशी लढतो आणि मंत्राने भिंतीतून आरपार जातो, तेथे नेमक्या ह्याच एका बाबतीत वास्तवाची आठवण व्हावी, हे नवल! १९८९ च्या आवृत्तीने ही मर्यादा काढून टाकली. त्या मेजावर बसणाऱ्या मुलीला जुन्या आवृत्तीची हळहळ का वाटावी?

परंतु त्याच १९८९ च्या आवृत्तीने आणखी एक गोष्ट केली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती पालकांनी ह्या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठवले होते. खेळातून मुले सैतानाच्या नादी लागतात असा त्यांचा आरोप होता. म्हणून नव्या पुस्तकांतून राक्षस-सैतानांची रूढ नावे गाळली गेली आणि त्यांच्या जागी कोणाला अर्थबोध होणार नाही अशी बनावट नावे घातली गेली. प्राणी तेच राहिले! माझ्या मते ही सुधारणा नव्हती. दुष्टाला दुष्ट म्हणण्याची सोय ज्या कथेत नाही ती कथा मुलांना काय शिकवणार? आपल्या बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानाचे नाव घेऊनच त्याचा त्याग केला जातो, टोपणनावाने नव्हे. म्हणजे एकाच वर्षीच्या एकाच आवृत्तीत एक अन्याय दूर झाला आणि एक भित्रेपणा शिरला. जुने ते सोने आणि नवे ते हवे, ह्या दोन्ही म्हणी येथे सारख्याच निरुपयोगी ठरतात. एकेक नियम हाती घेऊन पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

आता झुरण्याकडे वळू. युरोपीय भाषांत ह्या भावनेला जो शब्द आहे तो १६८८ साली योहानेस होफर ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवला. घरची ओढ आणि वेदना अशा दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे, आणि परमुलखात गेलेल्या स्विस लोकांना होणाऱ्या रोगाचे ते नाव होते. मराठीने मात्र 'स्मरणरंजन' असा शब्द केला. त्यात वेदना नाही, करमणूक आहे. मला मराठी शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. कठोर खेळाची आठवण आपल्याला गोड लागते ती तो कठोर होता म्हणून नव्हे, आता तो आपल्याला मारू शकत नाही म्हणून. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात हेच कोडे मांडले आहे : गेलेले दुःख आठवताना मन आनंदी असू शकते, आणि गेलेला आनंद आठवताना दुःखी. आठवण ही घटनेची प्रत नव्हे. ज्या मुलाचा जादूगार १९७९ साली पहिल्याच दालनात मेला ते त्या रात्री बहुधा रुसून झोपले असेल. पन्नाशीत पोचल्यावर तेच त्या मरणाची थोरवी गाते.

टोल्किनचीच एक गोष्ट ह्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा वृद्ध टोल्किन इंग्रजी मिस्सेत सर्व प्रतिसाद मोठ्याने लॅटिनमध्येच देत असत, अशी आठवण त्यांच्या नातवाने लिहून ठेवली आहे. नातवाला मोठा संकोच वाटे. ह्यात आजोबांचा हट्ट पाहावा की निष्ठा, हे वाचकांनी ठरवावे. आपल्या धर्मग्रामांतही लॅटिन गायनाच्या आठवणीने डोळे ओले होणारी माणसे होती, आणि मराठीत पहिल्यांदा प्रार्थना समजली म्हणून डोळे ओले झालेलीही होती.

परंतु जुने म्हणजे किती जुने? ह्या प्रश्नापाशी खरी अडचण आहे, आणि ती पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही.

सापशिडी घ्या. एका बाजूस लूडो आणि दुसऱ्या बाजूस सापशिडी असा पुठ्ठ्याचा पट ज्यांच्या घरी नव्हता असे मराठी कुटुंब विरळा. आज मुले तोच खेळ फोनच्या पडद्यावर खेळतात तेव्हा त्या पुठ्ठ्यासाठी आपण हळहळतो. पण तो पुठ्ठा ही मुळी जुनी आवृत्ती नव्हतीच. त्याआधी मोक्षपट होता. परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. ह्याला पक्का पुरावा नाही. उपलब्ध असलेले जुने पट अठराव्या शतकाच्या आसपासचे आहेत. पुण्याचे वा. ल. मंजुळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे पट जुन्या संग्रहांतून शोधले. त्यांत प्रत्येक घराला नाव असे. शिडीच्या पायथ्याशी दया, श्रद्धा, दान असे काही, सापाच्या तोंडाशी अहंकार, क्रोध, चोरी असे काही, आणि सर्वांच्या वर मोक्ष. साप पुष्कळ, शिड्या थोड्या. हा खेळ इंग्लंडात गेला. १८९० च्या दशकात तेथे तो छापला जाऊ लागला तेव्हा साप आणि शिड्या यांची संख्या बरोबरीची करण्यात आली. आरंभी तेथेही गुणदोषांची चित्रे असत. पुढे तीही गळाली आणि उरले ते एक ते शंभर आकडे. १९४३ साली अमेरिकेत तर सापांच्या जागी घसरगुंड्या आल्या. आपल्या बालपणीचा पुठ्ठा हा ह्या नावे पुसलेल्या खेळाचा घरी परतलेला वंशज. ज्याला आपण मूळ म्हणून कवटाळतो ते आधीच्या मूळाचे विस्मरण आहे.

मग मोक्षपटच पुन्हा आणावा काय? तो अधिक नीतिमान होता, असे चटकन म्हणावेसे वाटते. मला ते पूर्ण पटत नाही. त्या पटावर अहंकाराच्या घरी पडणारा मनुष्य अहंकारी नसतो. त्याच्या हातून कवड्या तशा पडलेल्या असतात, इतकेच. संमतीवाचून पाप नाही, असे आपली शिकवण सांगते, आणि येथे तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. उलट शिडीचे मात्र ख्रिस्ती मनाला काही वाटावे असे आहे, कारण कृपा ही न कमावलेलीच असते. मोक्षपट सदाचार शिकवीत नसे. नव्व्याण्णव चांगल्या फाशांनंतरच्या एका वाईट फाशाने खाली आल्यावर पटावरून न उठण्याचा धीर तो शिकवीत असावा. घराचे नाव वाचत वाचत घसरण्यात जे होते ते आकडे मोजत घसरण्यात नाही, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

दुसरे उदाहरण 'व्यापार' ह्या खेळाचे. कागदी नोटा देऊन मुंबईच्या वस्त्या विकत घेण्याचा हा खेळ कित्येकांच्या मे महिन्याच्या सुट्टीचा सोबती होता. तो अमेरिकेतल्या १९३५ सालच्या 'मोनोपली'वरून बेतलेला. आणि मोनोपलीच्याही मागे एलिझाबेथ मॅगी ह्या स्त्रीने १९०४ साली पेटंट घेतलेला 'जमीनदाराचा खेळ' होता. हेन्री जॉर्ज ह्या अर्थचिंतकाची ती अनुयायी. जमीन थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे भाडे भरता भरता कसे नागवले जातात, हे मुलांना खेळातून कळावे हा तिचा हेतू. तिने नियमांच्या दोन तऱ्हा केल्या होत्या : एकीत एक जण सर्वांना बुडवून जिंकतो, दुसरीत संपत्ती वाढली की सर्वांचाच लाभ होतो. जगाने पहिली तऱ्हा उचलली आणि दुसरी विसरली. जो खेळ इशारा म्हणून रचला गेला तो धडा म्हणून शिकवला गेला.

मानकोलीत बसून हा इतिहास वाचताना तो केवळ खेळाचा राहत नाही. येथली खाचरे गोदामांखाली गेली. कोणाची लेकरे त्या पैशावर शिकली, कोणाला रोजगार मिळाला, कोणाचे पैसे चार पावसाळ्यांतच संपले. कोणी दुष्ट होता असे नाही. पण पटावर जो प्रश्न मॅगीबाईंनी मांडला होता तोच हा प्रश्न आहे, आणि ज्या पिढीला तो सोडवावा लागला तिच्या हाती लहानपणी त्या प्रश्नावाचूनची आवृत्ती दिली गेली होती. 'व्यापारा'ची आठवण काढून सुखावणाऱ्यांनी दुसऱ्या तऱ्हेचे नियम एकदा मिळवून खेळून पाहावेत. खेळ रंगत नाही, अशी तक्रार होईल. ती खरीही असेल.

म्हणजे आपली ओढ जुन्याकडे नसतेच. ती आपल्या बाराव्या वर्षाकडे असते, आणि त्या वर्षी जी आवृत्ती हाती होती तिला आपण मूळ समजतो. आधीचे दिवस आताच्यापेक्षा बरे का होते, हा प्रश्न शहाणपणाचा नाही, असे उपदेशकाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात सुचवले आहे. तेथे बऱ्या दिवसांची आठवण काढण्यास मनाई केलेली नाही. तो प्रश्न विचारणाऱ्याच्या मनाकडे बोट दाखवले आहे. बाराव्या वर्षाची ओढ ही कृतज्ञता असू शकते. ज्यांनी आपल्याशी खेळण्यासाठी कामातून वेळ काढला त्यांचे ऋण त्यात असते. परंतु 'आमच्या वेळचा खेळच खरा' असे नव्या खेळाडूच्या तोंडावर म्हटले की तीच ओढ तुच्छतेत बदलते, आणि त्या मुलाच्या बाराव्या वर्षाची आपण नासाडी करतो.

राहिला प्रश्न जतनाचा. सावंतवाडीच्या गंजिफांची हकीकत येथे फार बोलकी आहे. बाबराने १५२७ साली सिंधमधील आपल्या एका स्नेह्यास गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे हा खेळ निदान तितका जुना. आठ रंगांची शहाण्णव पानांची जोडी आणि दशावतारांची एकशेवीस पानांची जोडी, अशा त्याच्या दोन प्रमुख तऱ्हा. दशावतारी खेळात दिवसा रामाच्या पानाने आरंभ होतो आणि रात्री कृष्णाच्या. निम्म्या रंगांत मोठा आकडा वरचढ, तर उरलेल्या निम्म्यांत लहान. विसाव्या शतकाच्या मध्यास ही पाने रंगवणारे हात जवळजवळ संपत आले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर जमवून ती कला शिकून घेतली व टिकवली. मुंबईत दीर्घकाळ राहिलेले, जन्माने जर्मन असलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी गंजिफांचा संग्रह व अभ्यास केला. ह्या सर्वांचे ऋण मोठे आहे. आज ती गोल पाने विकत मिळतात, आणि लोक हौसेने घेतात.

घेतात, आणि काचेच्या चौकटीत लावतात. पाने वाचली, खेळ मात्र थोड्यांनाच येतो. अमेरिकेतल्या त्या हट्टी मंडळींचे मला येथे कौतुक वाटते : त्यांनी जुनी पुस्तके कपाटात ठेवली नाहीत, नियम पुन्हा लिहून काढले, मेजावर मांडले, आणि त्यावरून भांडले. गंजिफेच्या जोडीबरोबर नियमांचे पत्रक मिळाले तर ते चौकटीबाहेर ठेवावे. एकशेवीस पाने लक्षात ठेवणे सोपे नाही, पण सुट्टीतल्या मुलांची स्मरणशक्ती आपल्याहून चांगली असते. खेळाला तीन भिडू लागतात. आजी-आजोबा दोन झाले, की तिसऱ्याला हाक मारावी लागेल, आणि तो येताना बहुधा हातात फोन घेऊनच येईल. त्यालाही बसू द्यावे; दिवस असेल तर रामापासून सुरुवात करावी.